चमच्यातला च

आई, काल डोंबिवलीत तुझी आठवण साजरी झाली. साजरी हा त्यांचा शब्द. व्यासपीठावर तुझा टिकल्यांच्या साडीतला फोटो, त्याला हार, नि पहिल्या रांगेत मी. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी सांगितलं की हिंदी सिनेमात नायिका पुष्कळ झाल्या, पण असा आवाज पुन्हा होणे नाही. मग पडद्यावर तू आलीस. गच्चीत उभी राहून चंद्राकडे बघत चार वाक्यं बोललीस नि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या चार वाक्यांतला एकही शब्द तुझ्या आवाजातला नव्हता. ओठ तेवढे तुझे.

मला आपलं ठाण्याचं स्वयंपाकघर आठवत होतं. तू पोळ्या लाटतेयस आणि मध्येच लाटणं थांबवून म्हणतेस, "चाँद." मी ओट्याला टेकून उभी आहे, कॉन्व्हेंटचा गणवेश अजून अंगावर. मी सांगते, आई, हा चमच्यातला च झाला, चहातला हवा. तू परत म्हणतेस. परत चमचाच. मग मला म्हणायला लावतेस आणि माझ्या तोंडाकडे असं बघत राहतेस, जणू तो च माझ्या दातांमागे कुठेतरी ठेवलेला आहे. "अगं, तुझ्या तोंडात कसा बसतो गं?" म्हणून हसतेस. पोळी करपते. दुसऱ्या दिवशी स्टुडिओतून आलीस ती पाय न धुताच खुर्चीत बसलीस. दुसऱ्या मुलीकडून बोलून घेतलं, एवढंच म्हणालीस. तो सिनेमा चालला, लोकांना तो आवाज आवडला, आणि मग निर्मात्यांनी पुढच्या प्रत्येक सिनेमात तोच आवाज तुझ्या तोंडी घातला. नायिका होतीस तोवर पडद्यावर तू मुकी होतीस.

एकदा शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या असताना म्हणाल्या, सिनेमात तुमचा आवाज किती नाजूक लागतो हो, घरात अगदी वेगळा वाटतो. तो आईचा नाहीच, मी म्हणाले. त्या गेल्यावर तू माझा दंड धरलास. "तिनं तिचं काम केलं, मी माझं केलं. बाहेर बोलायचं नाही." नाही बोलले. वागळे इस्टेटच्या ऑफिसातली सगळी नोकरी या एका विषयावर तोंड मिटून केली. बाकी कुठल्या विषयावर मिटलं नाही, ते तुला ठाऊक आहे.

पुढे वय दिसायला लागलं, कामं थांबली, आणि मग मोलकरणीच्या भूमिका आल्या. दर सिनेमात तीच नऊवारी, तोच पदर खोचलेला, हातात केरसुणी. आणि आता त्यांना तुझाच च हवा होता. एक दिग्दर्शक काय म्हणाला, ते तू घरी येऊन त्याची नक्कल करत सांगितलंस: "बाई, वो आपका वाला च लगाइए, पब्लिक हँसती है." तू हसत होतीस. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली होती, अजूनही वाटते. ज्या अक्षरासाठी तुला मुकी केली, तेच अक्षर लोकांना हसवायला परत मागून घेतलं, आणि तू ते दिलंस.

महिन्यापूर्वी कार्यक्रमाचा आयोजक माझ्या कोलशेतच्या घरी आला. चहा घेतला, माझ्या पाया पडला. मी म्हटलं, गच्चीचा प्रसंग नको, मोलकरणीचा दाखवा.

"काकू, कामवालीचे सीन नको ना. लोकं आईंना हिरॉइन म्हणून ओळखतात. आपल्याला रिस्पेक्ट आहे."

"त्यात तिचा आवाज आहे."

"मग ह्यात कोणाचा आहे?"

तुझं इतकी वर्षं ऐकलेलं त्या क्षणी मोडलं, सगळं सांगितलं. त्याने कप खाली ठेवला, थोडा विचार केला. "असू दे ना काकू. आता कोणाला कळतंय?"

काल मला दोन शब्द बोलायला बोलावलं. शाल खांद्यावर, नारळ हातात. मी मोजकंच बोलले. म्हटलं, तुम्ही आत्ता ऐकलात तो आवाज माझ्या आईचा नव्हता. तेवढ्यात त्या सूत्रसंचालक बाईंनी माईक हातात घेतला, म्हणाल्या, "बघा, काय हा साधेपणा! आईचं कौतुकसुद्धा स्वतःकडे घेत नाहीत." पुन्हा टाळ्या. गच्चीच्या प्रसंगाहून जास्त.

रिक्षात बसेपर्यंत मी त्या बाईंना मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही, तू कान धरशील. बाहेर बोलले म्हणूनही धरशील, तेव्हा हे पान माझ्याकडेच राहू दे. एक मात्र त्या आयोजकालाही सांगितलं नाही. तू स्वयंपाकघरातून मला हाक मारतेयस असं आठवायला गेलं की हल्ली कधी कधी त्या दुसऱ्या मुलीचाच आवाज येतो. नाजूक, शुद्ध, परका. मोलकरणीचा प्रसंग मी लोकांसाठी मागितला नव्हता गं. हॉलच्या मोठ्या स्पीकरवर एकदा तुला ऐकायचं होतं. आता मोबाईलवर लावते. केरसुणी दिसू नये म्हणून तो टेबलावर पालथा ठेवते आणि कान जवळ नेते. तू म्हणतेस, "मेमसाब, चावल खतम हो गया," आणि सिनेमातले लोक हसतात त्याच्या आधी मी ते बंद करते.