राजदरबाराच्या पडद्यावरच्या बाया

उस्ताद, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली आणि मी अजून तुम्ही रंगवलेल्या पडद्याच्या गोष्टीवर टाळ्या घेत फिरतो आहे. आज मोताळ्याच्या बाजारात लिंबाखाली बसून हे लिहितोय. उद्या मलकापूरला सरकी काढायच्या जिनमधल्या कामगारांची सभा आहे. नागपूरहून आलेले पुढारी म्हणतात, मार्क्सवाद पुस्तकातून सांगितला की लोक जांभया देतात, तू आपली पडद्याची गोष्ट सांग. ती मी इतक्यांदा सांगितली आहे की कुठे थांबलं म्हणजे लोक हसतात तेही पाठ झालंय. फक्त ती खरी नाही.

खामगावातली तुमची खोली डोळ्यांसमोर येते. चुलीवर रंगात घालायचा सरस वितळतोय, त्याचा उग्र वास, आणि तुम्ही नाटकमंडळीचा पडदा भिंतीवर ताणून बसलेले. मुंबईच्या गिरणीतून संपानंतर परत आलात ते पत्र्याच्या पेटीत मार्क्सच्या चोपड्या घेऊन. मी चौथीतून शाळा सोडलेला, मिसरूड फुटलं तरी एका गावी न टिकणारा. मला काय कळणार त्या चोपड्यांतलं! तुम्ही मग पडद्यावरच शिकवायचात. "पाह्य बे, राजा दिसते, गादी दिसते. मंग हे खांब कोनं उभे केले? तो मानूस कुठी हाय?" मी म्हणायचो, "उस्ताद, तो जेवाले गेला असन." तुम्ही हसायचात, आणि कुंचल्याचं टोक माझ्या कपाळाला लावायचात. "त्याले जेवाले भेटलं का नाही, तेच तं इतिहासात लिहत नाहीत." त्यानंतर मला कुठलंही चित्र सरळ पाहता आलं नाही. दुकानातल्या तसबिरीतली लक्ष्मीसुद्धा. तिच्या मागचे हत्ती कोण धूत असेल, असं मनात यायचं.

त्या वर्षी खंडेनवमीला जिनमध्ये यंत्रांची पूजा आणि दुपारी पटांगणात नाटक ठरलं. पडदा तुमच्याकडे. राजदरबाराचे खांब डोक्यावर तोलून धरणाऱ्या आठ बाया तुम्ही काढल्या, आणि चेहरे दिले ते जिनमध्ये कापूस वाहणाऱ्या बायांचे. तोंडाला फडकं, पापण्यांवर कापसाचे तंतू. जिनचा मालक सेठ पाहायला आला आणि भडकला. "इनको दरबार में किसने बुलाया? पुसून टाका." तुम्ही कुंचला खाली ठेवलात. "मी नाही पुसत, सेठ." आणि घरी निघून गेलात. सेठनं मला बाजूला घेतलं. नाटकमंडळी दसऱ्यानंतर अकोल्याला, तिथून पुढे नागपूरला जाणार होती. म्हणाला, एवढं कर, तुला त्यांच्याबरोबर पाठवतो, पडदे तूच रंगवायचे. नागपूर म्हटल्यावर माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. नाटकाच्या दिवशी सकाळी त्या बायांवर संगमरवरी खांब रंगवायला मी सफेदा कालवायला बसलो.

आता सभेत मी सांगतो की रंगात मुद्दाम सरस घातला नाही. सरस नसला की वाळलेला रंग नुसती भुकटी होऊन राहतो, पडदा गुंडाळून उलगडला की झडतो. झालंही तसंच. भर दुपारी दोऱ्या सुटल्या, बांबूवरून पडदा खाली आला आणि संगमरवरी खांब पांढऱ्या धुळीसारखे राजाच्या मुकुटावर पडले. मागून त्या आठ बाया वर आल्या. पहिल्यांदा एक म्हातारी ओरडली, "अवं माय! हे तं मी हावो!" मग सगळ्या उठून पडद्याजवळ गेल्या, एकमेकींना बोट लावून दाखवत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या जिनच्या आत गेल्याच नाहीत. दरवाज्यात बसून म्हणाल्या, "दरबार आमच्या डोक्यावर हाय म्हनता, तं आधी पानी पाजा." दोन दिवसांनी आत प्यायच्या पाण्याचे रांजण आले. त्यानंतर तुम्हाला खामगावात कोणी पडदा दिला नाही. शेवटी जलंबला खोकून खोकून वारलात.

उस्ताद, मी मुद्दाम काही केलं नव्हतं. सरस चुलीवर ठेवला तेवढ्यात फाटकाशी बायोस्कोपवाला आला, त्याच्या डब्यात डोळा घालून बसलो. परत आलो तर सरस जळून कोळसा झालेला, आणि सेठ डोक्यावर. तसाच फासला रंग, पाण्यात कालवून. त्या बायांना पुसायलाच निघालो होतो मी. आळशी हाताचं कर्तृत्व तेवढं.

सभेत एक गोष्ट मी कधीच सांगत नाही. पडदा झडल्यावर गर्दीतून तुम्ही माझ्याकडे आलात. माझ्या पायाशी वळकटी होती, दोरीनं बांधलेली. ती पाहून तुमचे डोळे भरले. तुम्हाला वाटलं, सेठ हाकलणार हे ओळखून पोरानं तयारी करूनच हे धाडस केलं. वळकटी तुम्ही स्वतः खांद्यावर टाकलीत. "चाल बे, आजपासून माह्या घरी." अर्धं गाव ओलांडून पाय ओढत चाललात, आणि मी मागून रिकाम्या हातांनी. ती अकोल्याला जायची वळकटी होती. रंग टिकला असता तर मी गेलो असतो.

उद्या हे सांगेन असं सकाळपासून म्हणतोय. मलकापूरची वाट समोर आहे, आणि मी इथे बसून बांगड्यावाल्याची हुज्जत ऐकतोय.