कॉइलवरची ओली पट्टी

बाबा, तुमच्या गाडीची कॉइल मी बदलली. तुम्ही बसवलेली तुमच्या माघारीही इतकी वर्षं टिकली, या पावसाळ्यानंतर मात्र गाडी सुरूच होईना. पनवेलच्या दुकानदाराने जुनी कॉइल हातात फिरवून पाहिली. "काका, कंपनीची आता मिळणार नाही. ही बाहेरची बसते. घ्या, नाहीतर गाडीत तुळस लावा." मी आणली, स्वतःच बसवली. पहिल्याच चावीला इंजिन लागलं. हळदकुंकू लावून हात जोडले आणि बॉनेट बंद केलं. थंड इंजिनावर सगळेच पार्ट गुणी असतात, तापल्यावर बघायचं, असं तुम्ही म्हणायचात. पण मला घाई होती. खारघरच्या हॉस्पिटलातून आईला घरी आणायचं होतं. डॉक्टरांच्या हाती काही उरलं नव्हतं आणि तिचा एकच हट्ट होता, "अँब्युलन्स नको. मना तुज्या बापाच्या गारीतून ने. घरी जीव जाऊ दे."

मागच्या सीटवर उशा लावून तिला निजवलं. बायको घर आवरायला पुढे गेली होती. कोन गाव मागे टाकलं आणि हायवेवरच गाडी आचके देऊन थांबली. शेजारून ट्रेलर धडधडत जातायत, प्रत्येकासरशी गाडी हलतेय, आत आई कण्हतेय. बॉनेट उघडून कॉइलला हात लावला तर चटका बसला. आणि मला खोपोलीचा घाट आठवला, मामाच्या लग्नाला जाताना गाडी अशीच बंद पडली होती ते. तुम्ही रुमाल भिजवून कॉइलवर ठेवलात आणि मला म्हणालात, "तिला ताप आलाय. माणसासारखी पट्टी ठेवायची." आई पुढच्या सीटवरून बोलली होती, "मना ताप आला तवा ठेवली नाय कंदी." सगळे हसलो होतो, तुम्ही सोडून.

पण पाणी कुठून आणू? पिण्याची बाटली आईचे ओठ ओले करण्यात संपली होती. तिला एकटं टाकून कुठे जाणार? होता तो फक्त देव्हाऱ्यातला गंगेचा गडू. वाटेत काही झालं तर तिच्या तोंडात घालायला जवळ ठेवलेला.

"काय झाला?" तिनं विचारलं.

"कॉइल तापली. पाणी नाही. गंगाच आहे."

"मंग वत."

"आई, ती तुझ्यासाठी आहे."

"मना घरी मराचा हाय, रस्त्यावर नाय. वत." मग थोडा दम घेऊन म्हणाली, "तुज्या बापाच्या गारीचे लाड."

गडूचं तोंड फोडलं, रुमालावर ओतलं. कॉइलवरून वाफ उठली. मी तिथेच उभा राहून रामरक्षा म्हटली, पण मध्येच शब्द विसरलो. कॉइल निवल्यावर गाडी लागली आणि अंगणापर्यंत थांबली नाही. त्यानंतर आई बोलली नाही. उंबरा ओलांडताना तिनं चौकटीला हात लावला, तेवढंच.

पहाटे तिचा श्वास लांबला. बायको म्हणाली, "गंगा आणा." मी मोरीतल्या नळावर गडू भरला, तुळशीचं पान टाकलं आणि तिच्या तोंडात पाणी घातलं. जमलेल्या बायका म्हणाल्या, "पुण्यवान गो, तोंडात गंगा परली." मी मान हलवली.

गाडी तेव्हापासून अंगणात उभी आहे. गडू पुन्हा देव्हाऱ्यात ठेवलाय, त्याच नळाच्या पाण्याचा. बायको रोज त्याला फूल वाहते आणि मी तिला वाहू देतो. हे तुम्हाला पोचायचं नाही, म्हणूनच लिहू शकलो.