नवस तिचा, तळपाय माझे

३ ऑक्टोबर, गुरुवार
घट बसले. सौ. पहाटेच अनवाणी निघाली रूपाभवानीच्या देवळाला. अंगात एवढी साखर, पाय बधिर, आणि हिचं अनवाणी! चार दिवस घसा कोरडा केला. पालथ्या घड्यावर पाणी. उत्तर एकच, "नवस बोललाय म्या. तुमच्यासाठीच बोललाय की."
गेल्या वर्षी माझं बायपास झालं तेव्हा बोलली म्हणे, हे धड घरी आले तर नवरात्रभर अनवाणी येईन. मला विचारलं होतं का? मी तिकडं भूल देऊन आडवा, आणि ही इकडं देवीशी सौदा करून मोकळी.
शेवटी गेलो मागं मागं, पिशवीत तिच्या चपला घेऊन. कॉलेजच्या पोरी झपाझप पुढं जात होत्या. एक सौ.ला म्हणाली, "आजी, सावकाश." सौ.ला काही वाटलं नाही. मलाच राग आला.

४ ऑक्टो., शुक्र.
पुण्याहून लेकीचा फोन. "पप्पा, तुम्ही मम्मीला अडवत का नाही?" अडवतो! जन्म डेपोत कंट्रोलर म्हणून गेला. गाड्या अडवल्या, ड्रायव्हर अडवले, दारू पिऊन आलेला कंडक्टर अडवला. ही अडत नाही. जरा आवाज चढवला की हिचं माहेरचं कानडी बाहेर येतं, "सुम् कुंद्री!" म्हणजे गप बसा. बसलो गप.
वाटेत मलाच दम लागला. एका दुकानाच्या पायरीवर टेकलो. सौ. मागं वळून आली, तोंड उतरलेलं. म्हटलं, मला काय धाड भरलीय, चष्मा पुसतोय. तीन वेळा पुसला मग.

६ ऑक्टो., रवि.
हे ऑक्टोबरचं ऊन! देवळातून परत येईपर्यंत डांबर तापलेलं. ही त्याच्यावरनं आरामात चालते, चटकासुद्धा बसत नाही म्हणते. देवीची कृपा म्हणे. कृपा कसली, डोंबल.
घरात पांढऱ्या फरशीवर कुंकवाचे ठिपके, दारापासून देव्हाऱ्यापर्यंत. ओरडलो, "कुंकू सांडत हिंडतीस घरभर, पुसायचं कुणी?" म्हणाली, "पुसते की." तिनं कशाला, मीच पुसलं. कमर धरली.

७ ऑक्टो., सोम.
परत ठिपके. आज चष्मा लावून वाकून बघितलं. कुंकू नव्हतं.
तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली काच. चांगली आत घुसलेली. तशीच चालत होती बाई, देवळात जाऊन आली, स्वयंपाक केला, माझ्याशी भांडली. "अगं, दुखलं नाही तुला?" "न्हाय की. कुटं काय?" एवढं सहज म्हणाली. आणि मी काल ते रक्त तिच्यावर ओरडत पुसलं.
डॉ.नी काच काढली. म्हणाले, दोन-तीन दिवस तरी आत असणार, पू झालाय. मग अंगठ्याला कापूस टेकवून विचारलं, "कळतंय का?" सौ. छताकडं बघत, "लावा की आधी."
डॉ. माझ्याकडं बघायला लागले.
पाय जमिनीला टेकवायचा नाही. भरलं तर भरलं, नाहीतर अंगठा काढावा लागेल. पुढच्या सोमवारी ठरवू म्हणाले. रिक्षात बसल्यावर हिचा पहिला प्रश्न, "आता राहिलेल्या दिवसांचं कसं करायचं वो?" डोक्याला हात लावला.

८ ऑक्टो., मंगळ.
सकाळपासून रडारड. अंगठ्यासाठी नाही, नवसासाठी. "अर्ध्यात मोडला आन् तुमास्नी काय झालं म्हंजे?" शेवटी वळसंगला तिच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, फोन लावून दिला. आक्का म्हणाली, "त्यात काय एवढं! घरातलं कुणीबी चाललं तर देवी मानून घेती की." दोघींनी फोनवरच ठरवून टाकलं, आजचा खाडा देवी पोटात घालील म्हणे.
घरातलं कुणीबी म्हणजे कोण? मी आणि दूध चोरणारं मांजर.

९ ऑक्टो., बुध.
गेलो. अख्ख्या सोलापुरातले खडे आमच्याच रस्त्यावर आणून ओतलेत. येताना नवी पेठेत फुलं घ्यायला थांबलो, तर फुलवाला म्हणतो, "काका, चप्पल चोरीला गेली व्हय?" नवस म्हटल्यावर बिचाऱ्यानं हात जोडले. जास्तच लाज वाटली.
घरी येऊन पाय धुतले, तर सौ. खवळली. "धुतले कशाला? आता मला कसं कळणार, चालला का रिक्षानं गेला?" उद्यापासून आधी तळवे दाखवायचे, मग धुवायचे. या वयात शाळेतल्या पोरासारखे तळवे दाखवतोय मी. स्वतःच्या पायातली काच दिसली नाही हिला, माझ्या पायाची धूळ बरी दिसते!

११ ऑक्टो., शुक्र.
दोन्ही टाचा तडकल्या. दम मात्र कमी लागला आज. सौ.ला सांगणार नाही, लगेच देवीच्या नावावर लावेल.
गाभाऱ्यासमोर उभा राहिलो. मागायचं कसं ते येत नाही मला. "तिच्या अंगठ्याचं तेवढं बघ" म्हटलं. आणखी काही बोलणार, तर मागची बाई, "काका, सरका की पुढं!"

१२ ऑक्टो., शनि. दसरा
नवस फिटला. सौ. खुर्चीत पाय वर करून बसलेली, आल्यागेल्याला सोनं देतेय, स्वारी भलतीच खूश. म्हणते, पुढल्या कोजागिरीला तुळजापूरला चालत जाऊ दोघं. मी आपट्याची पानं उचलत बसलो.

१३ ऑक्टो., रवि.
उद्या डॉ.
संध्याकाळी पट्टी मीच बदलली. रंग अजून चांगला नाही. वास नाही, हे खरं. दुखायला लागलं म्हणजे सुधारतंय, असं डॉ. म्हणालेले नाहीत, माझं मीच धरून बसलोय. पूजेला बसावं तसा रोज तिच्या पायाशी बसतो आणि विचारतो, दुखतंय का? रोज न्हाय. आज चिडलोच. म्हटलं, नीट ध्यान देऊन सांग, डोळे मीट. मिटले. कापूस औषधात बुडवला, पिळला.
"दुखतंय का?"
"व्हय. लई दुखतंय. जरा हळू की वो."
कापूस माझ्या हातातच होता. अजून टेकवला नव्हता.
"बरं झालं," म्हटलं. "दुखतंय म्हणजे भरतंय." मग पट्टी बांधली.