पट्टा फाटकापर्यंतच

आई,

तुम्ही आणि बाळ गाढ झोपलात, म्हणून उठवलं नाही. मी ढब्बूला घेऊन कुत्र्यांच्या बागेत परत चालले आहे.

काल तो तिथे गुरगुरला, म्हणून तुम्ही म्हणालात, "देऊन टाका कुणाला तरी. घरात तान्हं मूल आहे." पण चूक त्याची नव्हती, आपली होती. "पट्टा सोडलास तर याद राख," असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून मी तो मनगटाला गुंडाळून बसले. बाकीची कुत्री मोकळी आणि हा एकटाच बांधलेला! त्यातली चार हुंगायला अंगावर आली, याला पळायलाही जागा नाही. गुरगुरेल नाही तर काय करेल? लोक ओरडत होते, "अहो ताई, सोडा त्याला!" पण मी तुम्हाला घाबरले.

आज बागेची दोन्ही फाटकं नीट लावून पट्टा सोडणार आहे. ढब्बू कुठेही जाणार नाही.

बाळ उठलं की आधी तळपाय चोळा, मग दूध द्या, म्हणजे रडणार नाही. ओरडायचं तर मला ओरडा, ढब्बूला नाही. आणि मागच्या दाराशी जुना टॉवेल काढून ठेवा. आम्ही दोघंही चिखलात लोळून येणार आहोत.

तुमची सून