पट्टी लावलेलं बटण

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू फोन घेत नाहीस, म्हणून पत्र. घडलं ते क्रमाने लिहिते.

१. बाबांचा डीव्हीडी प्लेअर बंद पडला. दुरुस्तीवाल्याने हात टेकले.
२. मी टीव्हीखाली सेटटॉप रेकॉर्डर बसवला. तो डिस्क घेत नाही. पेनड्राइव्हवरच्या फाइली चालवतो, त्याही एकाच जुन्या प्रकारच्या, आणि प्रत्येकीत आवाजाचा एकच ट्रॅक.
३. घरच्या चित्रीकरणाच्या नऊ डिस्क तुला पाठवल्या, कारण माझ्या कॉम्प्युटरला डिस्कचा ड्राइव्ह नाही. तू त्या माझ्या ऑफिसच्या हार्ड डिस्कवर उतरवून दिल्यास.
४. त्या फाइली रेकॉर्डरला चालतील अशा करायला मला सोळा दिवस लागले. आधी सगळी माणसं बुटकी आणि रुंद दिसत होती. ते सुधारलं, तर कुणी हात हलवला की कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा यायच्या. त्याही घालवल्या.
५. प्रत्येक फाइल दोन मिनिटं तपासली. काम झालं, डिस्क टाकून दे, असा तुला निरोप पाठवला. ऑफिसला हार्ड डिस्क हवी होती, म्हणून तुझ्या फाइली पुसल्या.
६. गेल्या रविवारी बाबांनी पहिली फाइल लावली. रिमोटचं एकच बटण पाच-सहा वेळा दाबलं आणि टीव्ही बंद केला. त्यानंतर सहा दिवस तो लावलेला नाही. जेवण अर्धं झालंय. विचारलं तर म्हणतात, काम छान झालंय.

काल रूपांतराची नोंद उघडली. प्रत्येक फाइलीत आवाजाचे दोन ट्रॅक होते. मी पहिला घेतला. त्यात नुसतं संगीत आहे, आणि त्या डिस्कवर मी आजवर संगीतच ऐकलंय, म्हणून शंका आली नाही.

दुसऱ्यात काय होतं? डिस्क कुठे आहेत? टाकल्या नसशील तर टाकू नकोस.

लोभ आहे असं धरून चालते. आधी या दोन प्रश्नांची उत्तरं दे.

तुझी धाकटी बहीण


९ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक चापट.

दुसऱ्या ट्रॅकमध्ये आई आहे.

कॅमेरा बाबांच्या हातात आणि तोंड आईचं, हे तुला आठवत असेल. मी डिस्क बनवल्या तेव्हा स्वतःचा आवाज ऐकून तिने उशीत डोकं खुपसलं. गंजलेल्या बिजागरीसारखा वाटतो, पुसून टाक आणि वर संगीत घाल, असं फर्मान निघालं. तिला नाही म्हणायची कुणाची टाप होती? संगीत घातलं. पण पुसायला हात धजेना. मूळ आवाज दुसऱ्या ट्रॅकवर लपवला, फक्त बाबांना सांगितलं आणि रिमोटच्या त्या बटणावर जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावून दिली. आई बाजारात गेली की बाबा बटण दाबून तिलाच ऐकत बसायचे. ती दारात आली की पुन्हा संगीत.

तुला का नाही सांगितलं? डिस्कसोबत तुझी चिठ्ठी होती, की फक्त उतरवून दे, बाकी कशात लक्ष घालू नकोस. आई गेल्यावर मी पोचायच्या आत तू तिचं कपाट रिकामं केलंस, तेव्हापासून मी शहाणा झालोय. चौदा महिने झाले, माझ्याकडे तिचा रुमालसुद्धा नाही.

आता वाईट बातमी. तुझा निरोप आला त्याच संध्याकाळी डिस्क मी इमारतीच्या तळघरातल्या इ-कचऱ्याच्या पेटीत टाकल्या. पेटीला कुलूप आहे. किल्ली कंपनीकडे आणि गाडी येणार १६ला. त्याआधी उघडणार नाही म्हणतात. तुझ्या वहिनीने फटीतून कोपरापर्यंत हात घातला. हाताला कीबोर्ड लागला आणि वर ओरखडा मिळाला.

लोभ वाढवायचं आपण नंतर बघू.

दादा


१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पुसलेल्या फाइली परत मिळवायचा प्रयत्न केला. त्यावर ऑफिसचं काम लिहिलं गेलंय. एका फाइलीचे अकरा सेकंद हाती आले. चित्र पूर्ण काळं. आई बाबांना विचारते, की कॅमेऱ्याचं झाकण काढलंय ना. बाबा ठामपणे हो म्हणतात. मग आतमध्ये एवढा अंधार कसा, असं विचारून ती हसते. तिथे तुटतं.

आज ते बाबांना ऐकवलं. ते पडद्याकडे बघत नव्हते, कान पुढे करून बसले होते. चित्र काळंच आहे असं मी सांगितलं, तर म्हणाले, त्यांच्यासाठी सगळी तशीच आहेत. डावा डोळा वर्षापूर्वी गेला. उजव्याला खिडकी कुठे आणि भिंत कुठे एवढंच कळतं. डॉक्टरांकडे आता उपाय नाही. आपण दोघं त्यांना कुणी ठेवायचं यावरून भांडू, म्हणून सांगितलं नाही.

मी सोळा दिवस चित्र सुधारत होते.

नवा रिमोट दिला तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, की आवाज बदलायचं बटण कुठलं. मी बोट धरून दाखवलं. कशाला हवंय ते विचारलं नाही. आज पाहिलं, त्यावर त्यांनी चिकटपट्टी लावलीय, जरा तिरकी.

१६ला तू स्वतः खाली उभा राहा. वहिनीच्या हाताला औषध लाव.

तुझी बहीण


१६ मार्च

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

सकाळी सहापासून पेटीपाशी होतो. गाडीवाल्याने ती जमिनीवर पालथी करू दिली. एक डिस्क दुभंगलेली, एक सापडलीच नाही. सात मिळाल्या. त्यातल्या पाच पूर्ण चालतात, दोन मध्येच अडकतात.

कामावर गेलो नाही, ऐकत बसलो. चौथीत तू सहा वर्षांची आहेस आणि वाळूचा किल्ला फुटपट्टीने मोजतेयस. आई बाबांना सांगते, की ही मोजपट्टी कधी कुणाला काही विचारायची नाही, सगळं स्वतःच मोजत बसेल. हे नाव मी ठेवलं म्हणून तू माझ्यावर इतकी वर्षं चिडलीस. घे.

पुन्हा उतरवून हार्ड डिस्क पाठवू का?

दादा


१९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाठवू नकोस, डिस्क आणि तुझा ड्राइव्ह घेऊन ये. अडकणाऱ्या दोन माझ्या ऑफिसच्या, डिस्कवरचे ओरखडे घासून काढणाऱ्या यंत्रावर कदाचित सुधारतील. या वेळी मी दुसरा ट्रॅक घेईन, आणि प्रत्येक फाइल शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय काही पुसणार नाही. ऐकताना तू शेजारी असलास तर बरं.

कपाट मी तुला न विचारता आवरलं. विचारायला हवं होतं. आईची निळी शाल मी ठेवली आहे. ती तुझी.

आता बटण दाबायची गरज पडणार नाही, असं बाबांना सांगितलं. पट्टी राहू दे म्हणाले.

रविवारी, २६ला, येशील का? गुरुवार २३ पर्यंत कळव.

मोजपट्टी