तिरिलच्या हातात स्टिअरिंग

शनिवार, ६ जुलै

निघालो एकदाचे! नामसोस मागे पडलं, आता किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला, थेट लोफोतन बेटांपर्यंत सहल. मी मागच्या सीटवर, सामानासारखी. गुडघा नवा बसवलाय ना – शरद ऋतूपर्यंत गाडी चालवायची नाही, डॉक्टरीणबाईंचा हुकूम. आणि हे कुणाला? जिने याच किनाऱ्यावर मासळीचा ट्रक हाकला तिला! थंडीवाऱ्यात, बर्फात, पोटात ऐविन होता तेव्हासुद्धा!

आता तोच ऐविन पुढे बसून मला सांगतो, "आई, पट्टा लावलास का?"

सूनबाई मार्ते त्याच्या शेजारी. ती ऑस्लोची, ट्रॅममध्ये वाढलेली, गाडी कधी शिकलीच नाही. माझ्या शेजारी नात, तिरिल. सतरा वर्षांची. मागच्या काचेवर शिकाऊची लाल ‘एल’ पाटी झळकतेय, पण बाप स्टिअरिंग द्यायला तयार नाही. म्हणे, "पुढे सरळ रस्ता लागला की बघू."

या किनाऱ्यावर सरळ रस्ता! वेडा कुठला.

रविवार

शेवटी दिली तिला गाडी. आणि मग काय तो आरडाओरडा! "ब्रेक! ब्रेक म्हटलं ना! उजवीकडे बघ! अगं, डोळे आहेत की बटणं?"  तिरिलने बसथांब्याच्या जागेत शांतपणे गाडी उभी केली, खाली उतरली, आणि समुद्राकडे तोंड करून दगडावर जाऊन बसली.

मार्ते नवऱ्याला म्हणाली, "झालं समाधान?" तो म्हणाला, "मग तू शिकव." तिच्यावर मुद्दाम मारलेला टोमणा. 

मग मीच उतरले. काठी टेकत टेकत. म्हटलं, "ऐविन, मागे बस. मी बसते पोरीशेजारी. पाय गेलाय माझा, डोकं नाही. लायसन शाबूत आहे."

"आई, तू –"

"मागे!"

बसला की हो. पन्नाशीला आला तरी आवाज चढवला की ऐकतो अजून.

सोमवार, सांदनेसशोएन

दिवसभर तिरिल चालवतेय. सुरुवातीला स्टिअरिंग असं धरायची की जणू बुडत्याने दोरी धरलीय. मी तिला बडबडीत गुंतवलं. ट्रकचे किस्से सांगितले – बर्फात अडकले होते तेव्हा मागची कॉड मासळी चाकांखाली घातली होती, तो किस्सा. हसून हसून खांदे सैल झाले तिचे. मग आपोआप वळणं जमायला लागली.

फेरीबोटीवर चढताना मात्र मीच श्वास रोखला. पुढे ट्रक, बाजूला जर्मनांची घराएवढी मोठी गाडी, आणि बोटीवरचा माणूस हातवारे करतोय. पोरीने एका झटक्यात लावली. त्या माणसाने अंगठा वर केला! मी त्याला सांगितलं, "नात आहे माझी." त्याने विचारलं नव्हतं.

मग वर जाऊन कॉफी, आणि साखर-लोणी लावलेले स्वेले, म्हणजे जाड गोड धिरडी. तव्यावरचे, गरम. तिरिलने तीन हाणले.

मंगळवार

बोटीनेच ध्रुववृत्त ओलांडलं. ऐविन आणि मार्ते कठड्याशी उभे होते. दोघांमध्ये आणखी दोन माणसं मावतील एवढं अंतर.

गुरुवार

 आजचं लिहिलंच पाहिजे.

सकाळपासून ऐविनचं पोट दुखत होतं. "कालचे माशाचे वडे बाधले," म्हणाला. होलांदला थांबलो, पलीकडे स्वार्तिसेनची हिमनदी चमकत होती, सगळे फोटो काढत होते – आणि हा गाडीला धरून खाली बसला. चेहरा राखेसारखा. उलटी झाली. उजव्या बाजूला हात लावू देईना.

मार्तेने रुग्णवाहिकेसाठी फोन लावला. बाई म्हणाली, रुग्णवाहिका फेरीपलीकडे दुसऱ्या पेशंटकडे गेलीय, यायला वेळ लागेल. गाडी चालवणारं कुणी आहे का? असेल तर एर्नेसच्या दवाखान्यात घेऊन या, आम्ही तयार राहतो.

मध्ये तो लांबलचक बोगदा. स्वार्तिसेनचा. मी म्हटलं, थांबूया. खरंच म्हटलं मी! मागे तळमळणारा बाप, पुढे बोगदा – शिकाऊ पोरीवर एवढा भार कसा टाकायचा? ऐविनही कण्हत म्हणाला, "तिरिल नको. वाट बघू."

तिरिलने आम्हा दोघांकडे पाहिलं. मग बापाला म्हणाली, "बाबा, तोंड बंद. आडवा हो. आई, त्याचं डोकं मांडीवर घे. आजी, बस लवकर. नाहीतर तुला सोडून जाईन."

बसले!

ती वेडीवाकडी पळवत नव्हती. हेच सांगायचंय मला. बाप ओरडत होता तरी वळणावर वेग कमी करायची, सरळीला वाढवायची. मला विचारत होती फक्त, "मागून कोण आहे?" आणि मी शिकवणाऱ्यासाठी लावलेल्या जादाच्या आरशात बघून सांगायची. बस.

बोगद्याच्या तोंडाशी मेंढ्या! उन्हाचा दिवस, गार सावली बघून सगळा कळप रस्त्यावर पसरलेला. हॉर्न वाजवला – ढिम्म. एक तर आमच्याकडे बघून रवंथ करत राहिली. मी काठी शोधतेय तोवर मागचं दार धाडकन उघडलं. मार्ते! ऑस्लोची मार्ते, पायात सँडल, ऐविनच्या उलटीने माखलेला ब्लाउज, "हलाऽऽ! हला म्हणते ना, बावळटांनो!" – एका मेंढीची लोकर दोन्ही हातांनी धरून तिला चक्क रस्त्यावरून ओढून काढलं. बाकीच्या पळाल्या. परत येऊन बसली, ऐविनचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं. "चल," म्हणाली.

बोगदा संपतच नव्हता. ऐविनचा आवाज बंद झाला होता, ते त्या ओरडण्यापेक्षा वाईट. मार्ते त्याच्याशी बोलत होती, काय ते कळलं नाही, पण थांबत नव्हती. तिरिलचे ओठ घट्ट मिटलेले. मग एकदम उजेड, समुद्र, घरं.

दवाखान्याच्या दारात दोघं स्ट्रेचर घेऊन उभेच होते.

तिथून हेलिकॉप्टरने बोदोला नेलं. मार्ते त्याच्याबरोबर गेली. आम्ही दोघी मागे राहिलो, दवाखान्याच्या पायरीवर. तिरिल म्हणाली, "आजी, माझे पाय हलत नाहीयेत." मी तिला कुशीत घेतलं. तेव्हा रडली. खूप रडली. मग नाक पुसून म्हणाली, "चल. बोदो."

शुक्रवार, बोदो

आतड्याची शेपटी, म्हणजे अपेंडिक्स, आत फुटली होती. ऑपरेशन झालं. डॉक्टर तरुण आहे, पण पटला मला. म्हणाला, "वाट बघत बसला असता, तर आज मी तुमच्याशी वेगळं बोलत असतो." मी तिरिलला पुढे ढकललं. म्हटलं, "हिने आणलं." त्याने तिच्याशी हात मिळवला, मोठ्या माणसाशी मिळवतात तसा. पोर कानापर्यंत लाल!

नंतर नर्सलाही सांगितलं. लिफ्टमधल्या बाईलाही. कँटीनमध्ये ट्रे उचलणाऱ्यालासुद्धा. तिरिल म्हणते, "आजी, आता पेपरात देतेस का?" देईनही!

शनिवार

ऐविन शुद्धीवर. फिकट, पण बोलतो. लेकीला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. तर म्हणाला, "दुसऱ्या वळणावर इंडिकेटर दिला नाहीस."

"बेशुद्ध होतास ना तू?"

"एवढाही नव्हतो." आणि तिचा हात सोडेना.

आम्ही तिघी खाडीकाठच्या छोट्या भाड्याच्या घरात राहतोय. लोफोतन राहिलं. राहू दे.

सोमवार

आज मार्तेने कप विसळता विसळता सांगितलं – माझ्याकडे पाठ करून. "आई, आम्ही वेगळं होणार होतो. घर विकायला काढलंय. सहल झाली की तुम्हाला आणि तिरिलला सांगणार होतो."

होणार होतो, म्हणाली. मी विचारलं, "आणि आता?" म्हणाली, "माहीत नाही. काल त्याने दलालाला फोन करून घराचं थांबवायला सांगितलं. एवढंच."

दुपारी तिरिलला घेऊन धक्क्यावर गेले. कसं सांगायचं, काय सांगायचं, जुळवत होते. तीच म्हणाली, "आईने तुला सांगितलं ना?"

तिला ठाऊक होतं. नामसोस सोडलं तेव्हापासून.