जळगावाइतकं लांब

मस्कत, ९ फेब्रुवारी १९८६

ती. आजीस अभिमनचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. मुंबईहून विमान उठलं ते अडीच तासांत इथे टेकलं. आपल्या धुळ्याहून जळगावला एस.टी.ही तेवढाच वेळ खाते. मायला सांग, रडू नको, पोरगा जळगावलाच आहे असं समज. नानांच्या छातीचं पुन्हा काही झालं तर तार कर. सकाळी तार, दिवे लागायच्या आत मी दारात.

तुझ्या शिव्यांची आठवण येते. लोभ असू दे.

तुझा अभिमन

धुळे, २३ मे १९८६

चि. अभिमनला आजी झुंबरबाईचा आशीर्वाद.

तार केली होतीच. आखाजीला पितरांच्या घागरी भरून आठवडा झाला, आणि सोमवारी सकाळी तुझे नाना चहा पिता पिता गेले. कप फुटला नाही.

बठ्ठे भाऊबंद जमले, कुणी राहिलं नाही. म्हणाले, ऊन फार, दुपारच्या आत उचलू. मी म्हटलं, माझ्या लेकाचा पोरगा जळगावाइतका लांब आहे, येतोय. बर्फाच्या चार लाद्या आणवल्या. दिवे लागले. मंगळवारी चुडामणकाका घड्याळाकडे बघायचा, मग माझ्याकडे. लाद्यांचं पाणी ओट्यावरून गटारीला लागलं. बारा वाजता मीच म्हटलं, उचला. मडकं चुडामणने धरलं.

माय जेवते. तू कुठे अडकलास तेवढं कळव. दुसरी शिकलेल्या बाईच्या अक्षराला हसू नको.

झुंबरबाई

मस्कत, ८ जून १९८६

ती. आजीस शि. सा. न.

तार बुधवारी मिळाली. सोमवारी मिळाली असती तरी आलो नसतो. कामावर लागलो त्याच दिवशी सेठने पासपोर्ट ठेवून घेतला. सगळ्यांचाच ठेवतो, दोन वर्षं भरल्याशिवाय देत नाही. फेब्रुवारीत पत्र लिहिताना मला हे माहीत होतं. मायला धीर यावा म्हणून तास लिहिले.

तू नानांना थांबवून ठेवशील असं वाटलं नव्हतं.

अभिमन

धुळे, २४ जून १९८६

चि. अभिमनला आशीर्वाद.

पत्र तुझ्या मायला पुरतं वाचून दाखवलं, पासपोर्टासकट. ती हो म्हणाली. तरी संध्याकाळी जळगावच्या गाडीला स्टँडवर जाऊन उभी राहते.

म्हणून बुधवारी मीच सकाळच्या एस.टी.ने जळगावला गेले. उतरले, नळावर पाणी प्यायले, तीच गाडी परत धरली. कंडक्टरने विचारलं, आजी, काम काय होतं? मी म्हटलं, काही नाही, किती लांब आहे ते बघायचं होतं. दुपारच्या भाकरीला मी घरी होते. नव्वदीला टेकलेली बाई जाऊन येते.

मायला आता तास लिहू नको. आखाज्या लिही. मी मोजल्या, दोन होतात. पहिलीला नानांच्या नावाची घागर चुडामण भरेल, दुसरीला तू.

लोभ ठेव, पण खोटं लिहावं लागेल इतका नको.

झुंबरबाई